नाव कुठल्या वहीत ठेवायचं?

पत्र

मी ३८ वर्षांचा, चिंचवडला एका कारखान्यात नोकरीला आहे. मूळ गाव बेळगाव तालुक्यातलं, गावची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची. आजोबांनी त्या चर्चच्या पायाला दगड वाहिलेत, वडील बरीच वर्षं कमिटीत होते. मला इकडे येऊन ११ वर्षं झाली. बायको मिरजेची, सी.एन.आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीतली, त्यामुळे आम्ही इथल्या सी.एन.आय. चर्चला जातो, पण आमची नावं अजून गावच्याच रजिस्टरात आहेत. तीन वर्षांची वर्गणी राहिली आहे. मागच्या महिन्यात खजिनदारांचा फोन आला, "भरून टाका, नाहीतर नाव कमी होईल. उद्या आईचं काही झालं तर दफनभूमीत अडचण नको." आई ७१ वर्षांची, गावी धाकट्या भावाकडे असते. भावाची मुलं कानडी शाळेत आहेत. माझी मुलगी १३ वर्षांची, इथे दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गाला बसते. आईला वाटतं दृढीकरण गावच्या चर्चमध्येच व्हावं. कॅनडातला चुलतभाऊ चर्चच्या छपराला पैसे पाठवतो म्हणतोय. वडील वारून पाच वर्षं झाली, शेत अजून त्यांच्याच नावावर आहे. आणि नाताळात भाऊ म्हणाला, "दादा, तू पाहुणा आहेस, पाहुण्यासारखा राहा." नाव इकडे आणावं का? आणलं तर गाव सोडल्यासारखं होईल का?

— एक वाचक, चिंचवड

उत्तर

सलाम.

नाव चिंचवडला आणा. वर्षातले पंचेचाळीस रविवार तुम्ही ज्या बाकावर बसता, तिथल्या वार्षिक सभेत तुम्हाला मत नाही, कमिटीला उभं राहता येत नाही, घरात कुणी आजारी पडलं तर पाळकांच्या भेटीच्या यादीत तुमचं घर नाही. गावात मत आहे, पण सभेच्या दिवशी तुम्ही कारखान्यात असता. कागदावर एका जागी आणि अंगाने दुसऱ्या जागी, असा हा ११ वर्षांचा संसार आता पुरे झाला.

मेथडिस्ट माणसाला तरी बदलीचं वावडं असायला नको. तुमच्याकडे पाळकच बदलीवर असतात. कॉन्फरन्स, म्हणजे सगळ्या मंडळ्यांची परिषद, भरते, बिशप नेमणुका वाचतात, आठवडाभरात पाळकांच्या घरापुढे टेम्पो लागतो. मेथडिस्ट पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीचे प्रचारक अठराव्या शतकात घोड्यावरून मंडळ्या फिरायचे, एका जागी मुरलेला प्रचारक त्याला नकोच असायचा. खुद्द बेळगावचं काम १८२० मध्ये लंडन मिशनरी सोसायटीने सुरू केलं आणि १९०४ मध्ये ते अमेरिकन मेथडिस्टांच्या हाती आलं, म्हणजे तिथे मिशनच्या मिशनची बदली झाली. तुम्ही तर एका घराची नावं हलवताय.

दफनभूमीची भीती मात्र खरी आहे, आणि ती फोनवर मिटणार नाही. आईची जागा आईच्या सभासदत्वावर ठरते, मुलाच्या नाही. पण इथे एक मेख असते. बऱ्याच मंडळ्यांत वर्गणीची वही कुटुंबवार असते. वडील गेले की कुटुंबप्रमुख म्हणून थोरल्या मुलाचं नाव चढतं, आणि आई, भाऊ, भावजय, त्यांची मुलं सगळी त्या एका नावाखाली येतात. तसं असेल तर थकबाकी एकट्या तुमची नाही, अख्ख्या घराची दिसते. आणि तुम्ही "आमची नावं बदलून द्या" असा ढोबळ अर्ज केलात तर आईचं नावही बदलीत निघून जातं. अशा घोटाळ्याचा पत्ता नेमका मयताच्या दिवशी लागतो. म्हणून आधी वहीतलं तुमच्या घराचं पान बघा. प्रमुख कोण, खाली कोण कोण, पावत्या कुणाच्या नावाने फाटल्यात. भावाला फोटो काढून पाठवायला सांगता येईल, पण स्वतः जाऊन बघितलेलं बरं.

मग कमिटीला एक पानाचं पत्र द्या आणि तीनच गोष्टी विचारा. दफनभूमी कुणाच्या नावावर आहे: मंडळीच्या, कॉन्फरन्सच्या, की सगळ्या ख्रिस्ती लोकांसाठी पंचायतीने दिलेली? सभासद आणि बिगरसभासद यांना आकार किती? आणि वडिलांच्या कबरीत आईला ठेवता येईल का, किती वर्षांनी ती उघडू देतात? उत्तर लेखी घ्या, तारीख आणि सही असलेलं. वडिलांच्या कबरीवर अजून बांधकाम झालं नसेल तर सबंध काँक्रीट ओतून वर ग्रॅनाइट बसवू नका. पुढे उघडायची वेळ आली की ते फोडावं लागतं, आणि ते बघवत नाही. चारी बाजूंनी कट्टा, डोक्याशी दगड, मधे माती आणि फुलझाड, एवढं पुरतं.

थकबाकीचं. खजिनदारांकडून हिशेब मागताना आवाज चढवू नका. मागणं त्यांचं कामच आहे, दफनभूमीचा धाक घालणं तेवढं नाही. हिशेबात वर्षं, महिन्याचा दर आणि खाती वेगवेगळी लिहून घ्या: वर्गणी किती, दफनभूमीची देखभाल किती, बांधकाम निधी किती. तिन्ही मिळून एकच आकडा सांगितला तर भरू नका, कारण बांधकाम निधी बहुतेक ठिकाणी ऐच्छिक असतो आणि थकबाकीच्या आकड्यात तोच गुपचूप मिसळलेला असतो. पैसे मंडळीच्या बँक खात्यात भरा. खजिनदारांच्या मोबाइल नंबरवर यूपीआय करू नका. माणूस प्रामाणिक असला तरी दोन वर्षांनी खजिनदार बदलतो, त्याचा फोनही बदलतो, आणि तुमचे पैसे त्याच्या घरखर्चात दिसतात. पावतीवर पुस्तक क्रमांक आणि पावती क्रमांक हवा.

हिशेब मिटला की बदलीचा अर्ज. दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. अर्जात फक्त तुम्ही, पत्नी आणि मुलगी. प्रत्येकाचं बाप्तिस्म्याच्या वेळचं नाव आणि आधारवरचं नाव, दोन्ही लिहा. जुन्या रजिस्टरात एकच माणूस बाबू, बाबुराव आणि बाबासाहेब अशा तिन्ही नावांनी सापडतो, आणि मुलीच्या लग्नाच्या वेळी ही भानगड पुढ्यात येते. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न यांच्या तारखा माहीत असतील तेवढ्या घाला. पत्नीचं नाव अजून मिरजेच्या मंडळीत आहे की लग्नानंतर गावात आलं, हे आधी शोधा. लग्न झालं म्हणून नाव आपोआप हलत नाही, आणि असंख्य सुना दोन्ही वह्यांत असतात किंवा कुठल्याच नसतात. खाली नव्या मंडळीचं नाव, पत्ता आणि पाळकांचं नाव. त्याच अर्जात शेवटी वेगळं वाक्य हवं: "माझी आई आणि भावाचं कुटुंब याच मंडळीत राहतील. कुटुंबप्रमुख म्हणून आईचं नाव लावावं." भावाचं का नको, ते पुढे येईल.

कमिटीच्या सभेत अर्ज मंजूर झाला की पाळक बदलीचं पत्र देतात. मेथडिस्टकडून सी.एन.आय.कडे जाताना पुन्हा बाप्तिस्मा लागत नाही, पत्र पुरतं. इथे लोक कुठे अडकतात तर ते पत्र खिशात घालून आणतात, कपाटात ठेवतात आणि विसरतात. गावच्या वहीत "बदली" असा शेरा पडलेला, नव्या वहीत नाव चढलेलंच नाही. असा माणूस वर्षानुवर्षं कुठल्याच मंडळीचा नसतो आणि त्याला ते ठाऊकही नसतं. पत्र मिळालं की पुढच्याच रविवारी चिंचवडच्या पाळकांच्या हातात द्या, रजिस्टरात नाव चढलेलं डोळ्यांनी बघा, आणि नाव दाखल झाल्याचं उत्तर गावच्या पाळकांना पाठवायला सांगा. गावचं पान त्या उत्तरानंतरच बंद व्हायला हवं.

कॅथलिक वाचकांसाठी दोन ओळी, कारण खानापूर भागातून अशी पत्रं येतात. तुमच्यात बदलीच्या पत्राचा एवढा व्याप नाही. एखाद्या पॅरिशच्या हद्दीत कायम राहायच्या इराद्याने घर केलं, किंवा सलग पाच वर्षं राहिलात, की तुम्ही तिथले झालात. तीन महिन्यांच्या वास्तव्यानेही काही हक्क मिळतात. मात्र बाप्तिस्म्याची नोंद जिथे बाप्तिस्मा झाला तिथल्या रजिस्टरातून कधीच हलत नाही, आणि लग्न कुठेही झालं तरी त्याची नोंद त्या मूळ पानाच्या कडेला जाते. म्हणून लग्नाआधी गावाहून ताजा दाखला मागवावाच लागतो. आणि २ नोव्हेंबरला कबरींवर जाणाऱ्यांनी पुण्याहून निघताना एक ध्यानात ठेवावं, आदला दिवस १ नोव्हेंबर. बेळगावात एकीकडे राज्योत्सव, दुसरीकडे काळा दिवस. वातावरण तापलं की राज्याच्या सीमेवर कोगनोळीच्या आसपास एसटी थांबतात. ३१ ऑक्टोबरच्या रात्रीच पोचलेलं बरं.

आता मुलीचं दृढीकरण. ते चिंचवडलाच होऊ द्या. ती जिथे वर्गाला बसली, जिथल्या शिक्षकांनी तिच्याकडून प्रेषितांचा मतांगीकार पाठ करून घेतला, जिथे तिच्यासोबतची सात-आठ पोरं आहेत, तिथेच तिने उभं राहावं. शिवाय सी.एन.आय.मध्ये दृढीकरण बहुधा बिशप देतात, तारीख त्यांच्या दौऱ्यावर ठरते. तुमच्या गावी ते काम पाळक करतात. एका रीतीत शिकवून दुसऱ्या रीतीत उभं केलं तर दोन्हीकडच्या पाळकांना पत्रव्यवहार करावा लागतो आणि पोरगी मधल्या मधे गोंधळते.

पण आईला नुसतं "इथेच होणार" असं कळवू नका. आईला आणा. हुबळी-पुणे वंदे भारत २०२४ पासून बेळगावला थांबते. ती रोज नाही, वार बघून तिकीट काढा, आणि सोबतीला कुणी हवं. ७१ वर्षांच्या बाईला स्लीपर बसच्या वरच्या बर्थवर चढवू नका. त्यानंतर मुलगी गावी पहिल्यांदा प्रभूभोजन घेईल ते आजीच्या शेजारी गुडघे टेकून घेईल, हे आत्ताच ठरवा आणि गावच्या पाळकांना महिनाभर आधी सांगा. त्यांनी उपासनेत तिचं नाव घेतलं तर आईला जे हवं आहे ते बहुतेक मिळालं. नातीच्या डोक्यावर हात कुणाचा याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. आपल्या बाकावर आपली नात बसलेली चार बायकांनी बघावी, एवढंच असतं.

पैशांचं स्पष्ट बोलू या. तुमचं मुख्य अर्पण चिंचवडच्या मंडळीला जायला हवं, ती आता तुमची मंडळी. गावाला ठरलेली रक्कम, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या कामासाठी. महिन्याला १,००० रुपये वर्षाला १२,००० होतात. नाताळात एकदम १२,००० दिले तर टाळ्या मिळतात, पण पाळकांचा पगार, कॉन्फरन्सला जाणारा वाटा आणि विजेचं बिल दर महिन्याला येतं, आणि जून ते सप्टेंबर पेटी रिकामी असते. बँकेत ५ तारखेची स्थायी सूचना घालून ठेवा आणि कमिटीला लेखी कळवा की हे पैसे अमुक बिलासाठी. स्थानिक गरीब घरांच्या नजरेत ही रक्कम येत नाही, हाही फायदाच.

नजरेत येण्यावरून आठवलं. हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाला चर्चमधल्या लिलावात भोपळा, नारळ, कोंबडी, पायलीभर भात पुकारलं जातं. गावाकडची माणसं दोनशे-तीनशेपर्यंत हिमतीने बोली लावतात, आणि मग मुंबई-पुण्याचा पाहुणा एका भोपळ्याला पाच हजार म्हणतो. हशा होतो, टाळ्या होतात, मंडळीला पैसे मिळतात. पण त्यानंतर गावचा माणूस तोंड उघडत नाही, आणि पुढच्या वर्षी तो भोपळाच आणत नाही. तुम्ही असं केलं असेल असं आम्ही म्हणत नाही. पण भावाच्या "पाहुणा" या शब्दाची मुळं अशा ठिकाणी असू शकतात. बोली शेवटी लावा, चालू बोलीवर दहावीस रुपये चढवा, आणि जास्तीचे पैसे दुसऱ्या दिवशी बँकेतून पाठवा.

कॅनडातल्या चुलतभावाला एकच प्रश्न विचारा, पासपोर्ट कुठला? भारतीय असेल तर त्याने आपल्या कमाईतून बँकेमार्फत थेट मंडळीच्या खात्यात पाठवायला हरकत नाही. कॅनडाचं नागरिकत्व घेतलं असेल तर तो कायद्याच्या दृष्टीने परदेशी स्रोत आहे, ओ.सी.आय. कार्ड असलं तरी. परदेशी देणग्यांच्या २०१० च्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय मंडळी ते पैसे घेऊ शकत नाही, आणि परवानगी असली तरी पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच उतरवावे लागतात. "माझ्या खात्यात टाक, मी मंडळीला देतो" हा मार्ग सगळ्यांना सुचतो. तो घेऊ नका. त्यात तुम्ही अडकता आणि मंडळीही अडकते.

आता भाऊ.

तो काय करतो ते कधी कागदावर मांडून बघा. रविवारी आईला चर्चला नेऊन बसवणं, बी.पी.च्या गोळ्या संपायच्या आत आणणं, दर महिन्याची तपासणी, रात्री खोकला वाढला तर गाडी काढणं, चर्चच्या मिटिंगला घरातून कुणीतरी हवं म्हणून जाणं, दुसऱ्याच्या मयताला खड्डा खणायला उभं राहणं. आणि यातलं निम्मं त्याची बायको करते, ते पत्रात कुठेच आलेलं नाही. तुम्ही येता तेव्हा घरात मटण शिजतं, आईच्या डोळ्यांत पाणी येतं, नाताळचे कपडे दाखवले जातात. तो पाहुणा म्हणाला ते यावरून.

म्हणून कुटुंबप्रमुख म्हणून आईचं नाव लावा म्हटलं. भावाचं नाव लावलं तर त्याच्या डोक्यावर आणखी एक ओझं, आणि गावात चर्चा, "थोरल्याने अंग काढून घेतलं." आईचं नाव लागलं तर तिचा मान राहतो आणि वर्गणी कोण भरतं ते तुमच्या दोघांत राहतं. आईची वर्गणी तुम्ही भरा. पावती मात्र आईच्याच नावाने हवी.

वर्षातून चारदा जा, आणि त्यातला एकच फेरा सणाचा ठेवा. शुक्रवारी रात्रीची बस पकडली की शनिवारी पहाटे बेळगाव. रविवारची उपासना करून रात्री परत, शनिवारची सुट्टी असेल तर एकही रजा न टाकता दोन दिवस मिळतात. अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, स्वतःची गाडी असली तर सहा-सात तास, महामार्गाचं काम चालू असेल तिथे आठ धरा. एक फेरा मात्र मोठा हवा, आठ-दहा दिवसांचा, आणि त्या दिवसांत भाऊ-भावजयीला मुलांसकट बाहेर पाठवा. तिकिटं तुम्ही काढा. आईच्या गोळ्या, गाईची धार, मंडळीची मिटिंग, सगळं त्या दहा दिवसांत तुमच्या अंगावर. जाण्याआधी भावजयीकडून एक चिठ्ठी लिहून घ्या: कुठली गोळी सकाळी, कुठली जेवणानंतर, दूधवाला कधी, गॅसचा नंबर कुणाचा. दरमहाचे पैसे पाठवायचे ते तिच्या खात्यात पाठवा, भावाला सांगून. भावाच्या खात्यात गेलेले पैसे खताच्या पोत्यात जातात, आणि ते चूकही नाही, पण औषधं राहून जातात.

शेताचा विषय याच बैठकीत काढू नका. पण सोडूनही देऊ नका. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागतो. आईचा एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश सगळ्या मुलांत सारखे, मुलगा-मुलगी फरक नाही. बहीण असेल तर ती लग्न होऊन गोव्याला असो की गल्फला, तिचा वाटा आहे. तलाठ्याकडे वारसा नोंद घाला, तिकडे तिला पौती खातं म्हणतात. मृत्यूचा दाखला, वंशावळ आणि सगळ्यांचे आधार लागतात. नोंद सगळ्यांच्या नावाने करून घ्या आणि वाटणी नंतर बोला. पहाणीवर, म्हणजे तिकडच्या सातबाऱ्यावर, वडिलांचं नाव तसंच राहिलं की भावाला पीककर्ज आणि नुकसानभरपाई दोन्हीत अडचण येते, आणि तो ते तुम्हाला बोलून दाखवत नाही.

आई तुमच्याकडे राहायला आलेली असताना काही झालं तर काय, हेही लिहून ठेवतो, कारण त्या रात्री डोकं चालत नाही. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथेच होते, २१ दिवसांच्या आत. म्हणजे पिंपरी-चिंचवडच्या महापालिकेत, बेळगावात नाही. दवाखान्यात मृत्यू झाला तर कारणाचा दाखला तिथले डॉक्टर देतात, घरी झाला तर तिला बघणारे डॉक्टर. तो दाखला हातात आल्याशिवाय गाडी हलवू नका, राज्याची हद्द ओलांडायची असते. शवपेटीला थंडावा असलेली रुग्णवाहिका सांगा, भाडं जातायेताचं ठरवा. निघण्याआधी गावच्या पाळकांना आणि भावाला वेळ कळवा. कबर खणायला चार-पाच तास जातात, पावसाळ्यात पाणी भरतं म्हणून जास्त, आणि दफन अंधाराआधी उरकावं लागतं. रात्री ११ ला निघालात तर सकाळी पोचून दुपारची वेळ नीट साधते.

राहिलं एक काम, आणि आमच्या मते तुमच्याजोगतं हेच आहे. तुम्ही लिहिलंत की भावाची मुलं कानडी शाळेत आहेत. म्हणजे ती उपासनेत मराठी गाणी पाठ असतील तेवढीच गातात, पुस्तक हातात उलटं धरलं तरी चालेल अशी परिस्थिती. बऱ्याच मंडळ्यांत कुणीतरी वहीच्या कागदावर मराठी गाणी कानडी अक्षरांत उतरवून देतं, आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स होत होत शेवटी नुसत्या काळ्या रेघा उरतात. हे काम चिंचवडमध्ये बसून होतं. गीतांच्या पुस्तकात शेकडो गाणी असली तरी गावात फिरून फिरून चाळीस-पन्नासच गातात. ती यादी चर्चमध्ये पेटी वाजवणाऱ्याकडून घ्या. डाव्या पानावर देवनागरी, उजव्या पानावर कानडी लिपी, टाइप १८ पॉइंटचा, म्हणजे आईलाही चष्म्याशिवाय दिसेल.

कानडीत उतरवताना दोन ठिकाणी चुकतं. कानडीत ए आणि ओ यांचे ऱ्हस्व आणि दीर्घ असे दोन-दोन प्रकार आहेत. मराठीचा ए आणि ओ नेहमी दीर्घ अक्षराने लिहा, नाहीतर "देव" तोकडा वाचला जातो. आणि शब्दाच्या शेवटचा अ आपण गिळतो, कानडी वाचणारं पोर तो उच्चारतं, म्हणून "प्रेम"चं "प्रेमा" ऐकू येतं. तिथे शेवटच्या अक्षराला हलन्त द्या. पण चालीत तो अ लांबवून गात असतील तर हलन्त नको. हे संगणक ठरवू शकत नाही, गाऊनच बघावं लागतं. तुमची मुलगी आणि भावाची मुलं फोनवर एकेक गाणं एकमेकांना म्हणून दाखवतील तर महिन्याभरात यादी संपेल. पक्की छपाई करण्याआधी दहा झेरॉक्स काढून एक रविवार चालवून बघा, चुका गाताना कळतात.

छपराचंही बघा, कॅनडाच्या पैशांची वाट न बघता. चर्चचं छप्पर मंगळुरी कौलांचं असेल तर गळती बहुधा कौलातून नसते. आढ्यावरच्या कोन्यांचा गिलावा सुटलेला असतो, किंवा भिंतीला लागून पन्हळीत पालापाचोळा अडकलेला असतो. फुटलेली कौलं मोजून तेवढीच आणा, जुन्या कौलांच्या मापाशी नवीन जुळतं का ते एक नग नेऊन दुकानात लावून बघा. छाप वेगळी असली की खाच बसत नाही. शाकारणी मृगाच्या आधी व्हायला हवी आणि गडी त्या दिवसांत सगळ्यांनाच हवे असतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याची रजा आत्ताच टाका, आणि गडी कोण सांगायचे ते भावाला विचारा.